चित्र कोणासाठी साठवायचे? फ्लाइट सिम्युलेटरमधल्या टेक्स्चर फाइलींची वाटचाल

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. खारघरच्या आमच्या सोसायटीत संगणकावर विमान उडवण्याचा छंद असलेली पाच-सहा मुले आहेत. खरे विमानतळ सुरू होताच त्यांनी पहिली गोष्ट केली, ती म्हणजे आपापल्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ते बसवून घेतले. त्यांच्यापैकी एकाच्या वडिलांनी मला परवा लिफ्टमध्ये गाठले. "एका विमानतळासाठी एवढे जीबी कशाला लागतात हो? माझ्या फोनमधले सगळ्या घराचे फोटो तेवढ्यात बसतात. बरं, एवढं करून धावपट्टी जवळ गेल्याशिवाय स्पष्ट दिसत नाही. फोल्डर उघडून बघावं, तर त्यातली चित्रं फोटोसारखी उघडतही नाहीत."

या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. फोनमधला फोटो माणसाने पाहावा म्हणून साठवलेला असतो. सिम्युलेटरमधली चित्राची फाइल ग्राफिक्स कार्डाने वाचावी म्हणून साठवलेली असते. गेल्या तीसेक वर्षांत या फाइलींचे प्रकार अनेकदा बदलले, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक बदल हा फाइल माणसाच्या सोयीपासून कार्डाच्या सोयीकडे सरकण्याचा टप्पा आहे. हा धागा हाती धरला की बाकीचा गुंता सुटत जातो.

टेक्स्चर म्हणजे काय

गणपतीसाठी पुठ्ठ्याचे मखर करताना आपण त्यावर दगडी भिंतीचे चित्र छापलेला कागद चिकटवतो. पुठ्ठा सपाटच असतो, पण कागदामुळे तो किल्ल्याचा बुरूज वाटतो. सिम्युलेटरमध्ये विमान, इमारत, डोंगर हे सारे त्रिकोण जोडून केलेले पुठ्ठ्याचे सांगाडे असतात आणि त्यांवर चिकटवलेल्या चित्राला टेक्स्चर म्हणतात. ही कल्पना एडविन कॅटमल यांनी १९७४ साली आपल्या संशोधन प्रबंधात मांडली.

घरगुती संगणकांना ती परवडायला मात्र बराच काळ गेला. ब्रूस आर्टविक यांनी घडवलेला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली आयबीएम पीसीवर आला, तेव्हा त्यात रेघा आणि सपाट रंग एवढेच होते. जमीन म्हणजे हिरवा पट्टा आणि धावपट्टी म्हणजे काही रेघा. १९९३ साली पाचवी आवृत्ती आली आणि जमिनीवर व इमारतींवर खऱ्या अर्थाने चित्रे चढली. फाइलींचा इतिहास तिथून सुरू होतो.

शेडकार्डाचा काळ

रंगाच्या दुकानात आपण "जरासा पिवळसर, पण फार पिवळा नको" असे सांगत बसत नाही, शेडकार्डावरचा क्रमांक सांगतो. पाचव्या आवृत्तीपासून वापरात असलेली आर८ ही फाइल नेमकी अशी होती. चित्र २५६ ठिपके रुंद आणि २५६ ठिपके उंच, प्रत्येक ठिपक्याला एक बाइट, म्हणजे एकूण ६५,५३६ बाइट. त्या बाइटमध्ये रंग नसायचा, २५६ रंगांच्या ठरलेल्या शेडकार्डावरचा क्रमांक असायचा. चित्राची लांबी-रुंदीसुद्धा फाइलीत लिहिलेली नसे, कारण ती सर्वांना ठाऊकच होती. इतकी साधी फाइल पुढे या क्षेत्रात पुन्हा झाली नाही.

विमानाच्या पंखापासून शेपटीपर्यंतचा रंग एका २५६ बाय २५६ ठिपक्यांच्या चित्रात मावत नसे, म्हणून त्याचे तुकडे करून अनेक फाइलींत वाटावे लागत. तरीही या पद्धतीचा शेवट जवळ आला, तो चित्र लहान पडते म्हणून नव्हे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्रिमितीय चित्रासाठी खास बनवलेली कार्डे घरोघरी पोचू लागली आणि ती शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून चित्र मऊ करू लागली. शेडकार्डावर ४० क्रमांकाला विटकरी आणि ६० क्रमांकाला निळा असेल, तर त्यांची सरासरी ५० येते. पण ५० क्रमांकाला विटकरी आणि निळ्याच्या मधला रंग असेलच असे नाही, तिथे पोपटीही असू शकतो. क्रमांकांची सरासरी काढता येते, तिला अर्थ मात्र असत नाही. कार्डाला खरे रंग हवे होते, आणि खरे रंग म्हणजे ठिपक्यामागे एका बाइटऐवजी चार. कार्डाची स्मृती तर थोडीच होती.

फोटोसारखे जेपीईजी का वापरले नाही

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि तो योग्यच आहे. जेपीईजी, म्हणजे फोनमधले फोटो साठवण्याचा नेहमीचा प्रकार, १९९२ सालापासून उपलब्ध होता आणि तो चित्राची फाइल फार लहान करून देतो.

दुकानातून घट्ट गुंडाळलेली, हवा काढलेली गादी आणली तर ती रिक्षात मावते. पण तिच्यावर झोपायचे असेल तर ती पूर्ण उलगडावी लागते, आणि मग ती पलंगभर जागा घेतेच. जेपीईजीचे आणि पीएनजी या चित्रफाइलीच्या दुसऱ्या प्रकाराचे तसेच आहे. ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांचा फोटो डिस्कवर काही एमबीत मावेल. कार्डाच्या स्मृतीत तो उलगडला की ठिपक्यामागे चार बाइट या हिशेबाने ६४ एमबी होतो. गुंडाळी डिस्कवर उपयोगी पडते, कार्डावर तिचा काही उपयोग नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. कार्डाला चित्र सलग वाचायचेच नसते. पडद्यावरचा एखादा ठिपका रंगवण्यासाठी त्याला चित्राच्या मधल्याच कुठल्या तरी चार ठिपक्यांचे रंग तत्क्षणी हवे असतात. इमारतीत प्रत्येक मजल्यावर चारच घरे असतील, तर १७०३ हे घर कोणत्या मजल्यावर ते कोणाला न विचारता समजते. जेपीईजीमध्ये प्रत्येक भागाने घेतलेली जागा कमीजास्त असते, त्यामुळे मधला भाग कुठून सुरू होतो हे आधीचा मजकूर उलगडल्याशिवाय कळत नाही. कार्डाला हवी होती ती कमी जागा घेणारी, पण प्रत्येक घराचा पत्ता नुसत्या गणिताने सांगता येईल अशी रचना.

चार बाय चार ठिपक्यांची रांगोळी

ही रचना एस३ नावाच्या कंपनीने आणली आणि १९९८ साली मायक्रोसॉफ्टने ती डायरेक्टएक्स या, प्रोग्राम आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणाऱ्या प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीत डीएक्सटी या नावाने स्वीकारली. त्यानंतरच्या सिम्युलेटरांचा पाया तीच आहे, म्हणून इथे थोडे थांबून पाहणे मला आवश्यक वाटते.

दारात चार बाय चार अशा सोळा ठिपक्यांची रांगोळी काढायची आहे असे समजा. रंगाच्या दोनच पुड्या मिळतील. त्या दोन रंगांच्या मिश्रणातून मधल्या दोन छटा करायच्या: एकीत पहिला रंग दोन भाग आणि दुसरा एक भाग, दुसरीत त्याच्या उलट. असे एकूण चार रंग झाले. आता प्रत्येक ठिपक्यासाठी चारांपैकी कोणता एवढेच लिहायचे. दोन पुड्यांचे वर्णन चार बाइटमध्ये होते आणि सोळा ठिपक्यांच्या निवडी आणखी चार बाइटमध्ये. सोळा ठिपके उघडे ठेवले तर ६४ बाइट लागतात, इथे आठ बाइटमध्ये काम झाले. अशा सोळा ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीला बरोबर आठच बाइट लागतात, म्हणून हजारावी चौकट कुठे आहे हे कार्ड क्षणात काढते. उलगडण्याचे कामही कार्डाच्या आतच, ठिपका वाचता वाचता होते. गादी गुंडाळलेली असतानाच तिच्यावर झोपता येण्यासारखे हे आहे, आणि माझ्या मते संगणकीय चित्रांच्या इतिहासातल्या सर्वांत उपयुक्त कल्पनांपैकी ही एक आहे.

या सर्वांत साध्या प्रकाराला डीएक्सटी१ म्हणतात. पारदर्शकता हवी असेल तर डीएक्सटी३ किंवा डीएक्सटी५ वापरतात, त्यांत चौकटीला सोळा बाइट लागतात. डीएक्सटी३ मध्ये पारदर्शकतेच्या सोळाच पायऱ्या असल्याने विमानाच्या फिरणाऱ्या पंख्याच्या धूसर चकतीवर त्या पायऱ्या कड्यांसारख्या डोळ्यांना दिसतात. डीएक्सटी५ मध्ये तो उतार बराच नितळ होतो.

या पद्धतीचे पेटंट २ ऑक्टोबर २०१७ पर्यंत चालू होते. त्यामुळे लिनक्स या संगणक प्रणालीवर कार्ड चालवणाऱ्या मुक्त प्रोग्रामांमध्ये, म्हणजे ड्रायव्हरांमध्ये, तिचा उघडपणे समावेश व्हायला तोवर वाट पाहावी लागली.

लांबचे चित्र वेगळे का ठेवावे लागते

शाळेच्या नकाशापुस्तकात जगाच्या नकाशावर ठाणे जिल्ह्यातली गावे दाखवत नाहीत. तेवढ्या जागेत ती दाखवली तर शाईचा डाग उठेल. त्यासाठी जिल्ह्याचा वेगळा नकाशा असतो. टेक्स्चरचेही तेच आहे. दहा किलोमीटरवरच्या इमारतीच्या खिडक्या पडद्यावरच्या दोन ठिपक्यांत कोंबल्या, तर विमान जरासे हलताच त्या लुकलुकू लागतात. म्हणून मूळ चित्राबरोबर त्याची निम्म्या मापाची प्रत, तिच्या निम्म्याची प्रत, अशी एका ठिपक्यापर्यंतची उतरंड त्याच फाइलीत ठेवतात. १९८३ साली लान्स विल्यम्स यांनी ही कल्पना मांडली आणि तिला मिपमॅप असे नाव दिले. प्रत्येक प्रत क्षेत्रफळाने आधीच्या एक चतुर्थांश असल्यामुळे साऱ्या प्रतींची मिळून जागा मूळ चित्राच्या एक तृतीयांशच भरते. चित्रांची मापे २५६, ५१२, १०२४, २०४८ अशी असतात, तीही निम्मे करत जाणे सोपे व्हावे म्हणूनच.

लिफ्टमधल्या दुसऱ्या तक्रारीचे उत्तर इथे आहे. कार्डाची स्मृती भरत आली की सिम्युलेटर मोठी प्रत कार्डावर न चढवता लहान प्रतीवर भागवतो. धावपट्टी धूसर दिसते तेव्हा फाइल बिघडलेली नसते, उतरंडीतल्या तळाच्या मोठ्या मडक्यापर्यंत हात पोचलेला नसतो.

नावाने बीएमपी, मग डीडीएस

फ्लाइट सिम्युलेटर २००० पासून या साऱ्याचा स्वीकार झाला, पण एका विचित्र वेषात. फाइलीच्या नावापुढे बीएमपी हे साध्या चित्रफाइलीचे शेपूट असे आणि आत मात्र डीएक्सटीच्या चौकटी व मिपमॅपची उतरंड भरलेली असे. साध्या पेंटमध्ये ती उघडायला गेले की प्रोग्राम नकार देई. २००३ सालच्या आवृत्तीपर्यंत हेच चालले आणि विमाने रंगवणाऱ्या हौशी लोकांना डीएक्सटीबीएमपीसारखी खास साधने वापरावी लागली.

त्या काळी जमिनीसाठी ठरावीक चौरस फरशा परत परत अंथरत. २००३ च्या आवृत्तीत जमिनीच्या फरशीतला एक ठिपका सुमारे ४.८ मीटर जमीन व्यापत असे. एवढ्या जाडीच्या ठिपक्यात रिक्षा हरवूनच जाते आणि एसटीची बस अडीच ठिपक्यांत संपते. २००६ सालच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सने फरशी १०२४ ठिपक्यांची करून हे प्रमाण सव्वा मीटरच्या आसपास आणले. ही वाढ चौकटींच्या पद्धतीशिवाय त्या काळच्या कार्डांना पेललीच नसती.

याच आवृत्तीने डीडीएस ही फाइल रूढ केली. ती मायक्रोसॉफ्टने १९९९ च्या सुमारास डायरेक्टएक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आणली होती. तिची रचना म्हणजे सुरुवातीला माप आणि प्रकार सांगणारा एक छोटा मथळा आणि त्यानंतर कार्डाला जशाच्या तशा हव्या असलेल्या चौकटी. डिस्कवरून उचलायचे आणि कार्डावर ठेवायचे, मध्ये कोणतेही काम नाही. एक्स-प्लेन या दुसऱ्या मोठ्या सिम्युलेटरमध्ये पीएनजी आणि डीडीएस दोन्ही चालतात. पण पीएनजी दिली तर ती लोड करताना उलगडून पुन्हा बांधावी लागते, म्हणून मोठ्या सीनरी, म्हणजे विमानतळांची आणि भूभागाची दृश्ये, डीडीएसमध्येच येतात. फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये चित्र उभे उलटे करून साठवावे लागे, म्हणजे डोके खाली आणि पाय वर. माणसाला चमत्कारिक वाटणारी ही मांडणी प्रोग्रामच्या मोजणीला सोयीची होती. फोल्डरमधली चित्रे फोटोसारखी का उघडत नाहीत, या तिसऱ्या तक्रारीचे उत्तर यात आले.

रंग नसलेली चित्रे

याच सुमारास टेक्स्चर म्हणजे रंगाचे चित्र हे समीकरण मोडले. पत्र्याला जोडणारे रिव्हेट सांगाड्यात घडवणे फार महाग पडते. त्याऐवजी एका वेगळ्या चित्रात पृष्ठभाग कोणत्या दिशेला कललेला आहे एवढेच लिहितात आणि त्यानुसार उजेड पडला की सपाट पत्र्यावर उंचवटे भासतात. त्याला नॉर्मल मॅप म्हणतात. फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये या चित्रातला लाल रंगाचा भाग उचलून पारदर्शकतेच्या जागी ठेवावा लागे. कारण असे, की डीएक्सटी५ मध्ये पारदर्शकता रंगांपासून वेगळी आणि अधिक बारकाईने साठवली जाते. पारदर्शकतेच्या खोलीत दिशेचा आकडा राहायला आला, कारण ती खोली जास्त चांगली होती.

मायक्रोसॉफ्टच्या २०२० सालच्या आवृत्तीत ही विभागणी आणखी पुढे गेली. एक फाइल मूळ रंगाची, एक नॉर्मलची, आणि तिसऱ्या फाइलीतल्या लाल, हिरव्या, निळ्या भागांत अनुक्रमे खाचांमधली सावली, खडबडीतपणा आणि धातूपणा असे तीन वेगवेगळे करड्या छटांचे नकाशे. ही तिसरी फाइल उघडून पाहिली तर विमान पिवळे-जांभळे दिसते. ते रंग डोळ्यांसाठी नाहीतच.

शेपटीवरचा तिरंगा

डीएक्सटीचा दोष समजून घ्यायचा असेल तर भारतीय विमानावरचा छोटा तिरंगा पाहावा. एका विमानाचे टेक्स्चर मी नुकतेच मोठे करून पाहिले. झेंडा इतका लहान होता, की केशरी, पांढरा आणि हिरवा हे तिन्ही पट्टे काही ठिकाणी एकाच चार बाय चार चौकटीत आले होते. चौकटीला दोनच पुड्या मिळतात. केशरी आणि हिरवा या दोन पुड्या निवडल्या गेल्या आणि त्यांच्या मिश्रणातून वाळलेल्या मेंदीसारख्या दोन छटा झाल्या. पांढऱ्याला जागाच उरली नाही. दुरून झेंडा ठीक दिसतो, पण जवळ जाताच मधला पट्टा मळलेला वाटतो. देवनागरी अक्षरांना रंगीत किनार दिली की शिरोरेघेपाशी हीच गत होते.

यावर उपाय डायरेक्टएक्सच्या अकराव्या आवृत्तीबरोबर २००९ साली बीसी७ या नावाने आला. त्यात चौकट दोन किंवा तीन गटांत विभागता येते आणि प्रत्येक गटाला आपल्या दोन पुड्या मिळतात. तिरंग्याचे तीन पट्टे तीन गटांत गेले की पांढरा पांढराच राहतो. किंमत म्हणजे आठऐवजी सोळा बाइट, आणि फाइल तयार करताना कोणती विभागणी चांगली हे शोधण्यात जाणारा वेळ. २०२० च्या आवृत्तीत बीसी७ वापरतात. माझा आग्रह असा, की अक्षरे, झेंडे आणि चिन्हे असलेल्या भागाला बीसी७ द्यावे आणि गवत, डांबर, खाडीचा चिखल यांना डीएक्सटी१ पुरेसे मानावे.

"डिस्क आता स्वस्त आहे, मग दाबायचेच कशाला?"

आपल्याच विमानतळावर हिशेब करून पाहू. नवी मुंबईची धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. एका ठिपक्याला एक मीटर असे प्रमाण धरले, तर ४०९६ ठिपक्यांच्या एकाच चौरस चित्रात ती अख्खी मावते. पण धावपट्टीच्या मधली पांढरी रेघच साधारण मीटरभर रुंद असते, म्हणजे ती एका ठिपक्याची होईल आणि तिच्या कडा दिसणारच नाहीत. ठिपका २५ सेंटिमीटरचा केला तर तेवढ्याच जागेला सोळा चित्रे लागतात. ती उघडी ठेवली तर १,०२४ एमबी, बीसी७ मध्ये २५६ एमबी, डीएक्सटी१ मध्ये १२८ एमबी, आणि प्रत्येक आकड्यावर मिपमॅपचा एक तृतीयांश वेगळा. ही नुसती जमीन झाली. टर्मिनल, विमाने, कॉकपिट, वाशी-बेलापूरच्या इमारती हे सारे त्याच कार्डाच्या स्मृतीत शेजारी बसायचे आहे, आणि अनेक घरांतल्या कार्डांवर ती चार ते आठ जीबीच असते. डिस्क कितीही स्वस्त झाली तरी अडचण तिथे नाही. एका विमानतळाला इतके जीबी का लागतात, या पहिल्या तक्रारीचे उत्तर म्हणजे हा गुणाकार. दाबूनही तेवढे लागतात, न दाबता ते सुरूच झाले नसते.

"एआयने किंवा नव्या फाइलीत बदलून चित्र सुधारेल का?"

जुनी डीएक्सटी१ फाइल उघडून बीसी७ मध्ये साठवली तर जागा दुप्पट होते, हरवलेला पांढरा पट्टा परत येत नाही. यंत्राने बारकावे कल्पून भरता येतात, पण ते कल्पलेले असतात. पामबीच रोडवरच्या अमुक इमारतीला किती खिडक्या आहेत हे त्याला ठाऊक नसते. म्हणून विमाने रंगवणाऱ्या मुलांना मी सांगतो, की थरांसहित मूळ चित्र जपून ठेवा आणि कार्डाची फाइल दर वेळी त्यातून नव्याने काढा.

"सगळे क्लाउडवरून येते, मग फाइलीचा प्रश्नच संपला ना?"

२०२० ची आवृत्ती भूभागाची दोन पेटाबाइटहून, म्हणजे सुमारे वीस लाख जीबीहून, अधिक माहिती इंटरनेटवरून गरजेनुसार आणते. त्याच आवृत्तीची खोक्यातली प्रत युरोपात दहा डीव्हीडींवर विकली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली पुढची आवृत्ती तर विमानांचे बरेच भागही असेच आणते आणि तिच्यात केटीएक्स२ ही ख्रोनोस या उद्योगसंघाने बनवलेली फाइल आली आहे. तिच्यात कार्डाच्या चौकटींवर आणखी एक गुंडाळी घालता येते. इंटरनेटवरून येताना ती गुंडाळलेली असते, घरी पोचली की वरची गुंडाळी निघते आणि आत कार्डाला ओळखीच्या चौकटी सापडतात. म्हणजे क्लाउडने प्रश्न संपवला नाही, वाटेवर आणखी एक अरुंद दार वाढवले, आणि फाइलीला आता दोन दारांतून जावे लागते.

यात एक गोष्ट मला मनापासून खटकते. आर८ ची फाइल आजही कोणीही उघडू शकतो, शेडकार्ड हाताशी असले की झाले. क्लाउडवरचे चित्र बदलले की जुने आपल्या हाती उरत नाही. उलव्याची टेकडी कापण्याआधीच्या उपग्रहचित्रांवरून केलेल्या एक्स-प्लेनच्या डीडीएस फरशा माझ्याकडे आहेत, प्रत्येकी ४०९६ ठिपक्यांच्या आणि मिपमॅपसह पावणेअकरा एमबीच्या आसपास. आज जिथे धावपट्टी आहे तिथे त्यांत हिरवट-तपकिरी टेकडी आहे आणि तिच्या पायथ्याशी उलवे नदीचे जुने वळण. मोठे करून पाहिले की टेकडीच्या कडेवर चार बाय चारच्या चौकटी दिसतात, आणि प्रत्येक चौकटीत चारच रंग.